उस्मानचाचांच्या तीन पायऱ्या

उस्मानचाचांशी उभ्यानं बोलता येत नसे. म्हणजे तुम्ही बोलू शकत होतात, पण ते उत्तर देत नसत. रिसोडच्या बाजाराच्या टोकाला त्यांचं मोटा शिवायचं दुकान होतं. विहिरीचं पाणी ओढायची ती मोठी कातडी मोट आमच्या पंचक्रोशीत त्यांच्याइतकी घट्ट कोणी शिवत नसे. गिऱ्हाईक दारात येऊन म्हणे, "चाचा, मोट गळून राह्यली." चाचा दोऱ्याला मेण लावत राहात. गिऱ्हाईक पुन्हा म्हणे. मग मान वर न करता चाचा म्हणत, "पयले बसा." गिऱ्हाईक एकदाचं टेकलं, की हा माणूस आत्ताच आल्यासारखे ते विचारत, "हं, बोला. काय झालं मोटेले?"

बसायला तिथं काय नव्हतं? गोणपाट, उलटी घमेली, मोडक्या गाडीचं चाक, दोन चपटे दगड. एकदा एक शिपाई शेजारच्या अत्ताराचं घर विचारायला आला. दोन शब्दांचं काम. चाचांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, कोणत्या गावचे म्हणून चौकशी केली आणि मग सांगितलं, "तुमी बसले ना, थोच त्याचा ओटा." पोस्टमन तर चाचांची पत्रं माझ्याच घरी टाकू लागला. म्हणे, "मास्तर, त्याइच्याकडे गेलो का अर्धा घंटा जाते. मले अख्खं गाव पडलं हाय."

मी तेव्हा गावच्या शाळेत नवा मास्तर होतो. वय तेवीस, आणि डोक्यात राग कायमचा. एक दिवस दोन पोरांना पाढे येत नाहीत म्हणून मी वर्गात उभं केलं होतं. चाचा खांद्यावर कातडं टाकून रस्त्यानं चालले होते. ते खिडकीशी थांबले.

"मास्तर, हे पोट्टे उभे काहून हायेत?"

"पाढे आले नाहीत."

"उभं राह्यल्यानं येतात काय?"

मी म्हटलं, चाचा, तुम्ही तुमचं काम बघा. ते हलले नाहीत. ओलं कातडं खांद्यावर, त्याचा वास सगळ्या वर्गात, आणि चाचा खिडकीत. शेवटी मीच हरलो, पोरांना बसवलं. "हं, आता इचारा," चाचा म्हणाले. मी विचारले. अर्थात आले नाहीतच. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. "नाही येत तं नाही येत. पन पाय तं नाही दुखले," असं म्हणून ते गेले. गाव त्यांना अर्धवट म्हणे. मीही म्हणत होतो, खोटं कशाला सांगू.

चाचा मूळचे रिसोडचेच, पण उमेदीची अठरा वर्षं त्यांनी दूर नागपूरकडच्या कुठल्याशा लष्करी छावणीत काढली होती. नाव कधी घेत नसत, नुसतं 'छावनी' म्हणत. तिथं घोड्यांची खोगिरं शिवायची आणि गोऱ्या सोल्जरांचे फुटबॉल. दर मॅचला कातडं टोचायची आरी आणि मेणाचा दोरा घेऊन गोलखांबांच्या मागं उभं राहायचं. चेंडू उसवला की जागच्या जागी शिवून आत फेकायचा. अठरा वर्षांत एकही मॅच बसून पाहिली नाही, असं ते सांगत. मी मनाशी म्हणत असे, हा सगळा 'पयले बसा'चा छंद यातूनच लागला असणार. मास्तर माणूस, मला उत्तर काढायची फार घाई.

छावणीतून येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या. आरीची पेटी, एक जुना फुटबॉल आणि हमीदाचाची. मूलबाळ नव्हतं. चाची बाहेर येत नसत. मला त्या ठाऊक होत्या त्या दारावरच्या पडद्यामागचा एक आवाज आणि चहाची बशी पुढे करणारा एक हात, एवढ्याच. चाचांच्या त्या फुटबॉलवर गावची पोरं नाल्याच्या रेतीत खेळायला शिकली. रेतीत धावून धावून त्यांच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या, पण चेंडू काही चार हातांपलीकडे जाईना. मग चाचांनी मनावर घेतलं, की रिसोडला मैदान पाहिजे. नुसतं मैदान नाही. "पायऱ्यावालं. लोक बसून पाह्यतीन असं. छावनीत सायबाइसाठी होतं तसं, पन आपल्या लोकाइसाठी."

जमीन मिळाली ती गणपतराव पाटलांची. पाटील मोट न्यायला आले आणि नियमाप्रमाणे चाकावर बसवले गेले. मोट व्हायला दोन तास लागले. तेवढ्या वेळात चाचांनी त्यांना अख्खं मैदान, चारी बाजूंच्या पायऱ्यांसकट, ऐकवलं. पाटील सुटकेसाठी म्हणाले, "घे बा. तलावाखालचं माह्यं पडीत घे. आखाजीच्या आत तिथं एक मॅच पुरी करून दाखव, जमीन पोराइची. नाही झाली तं मी पऱ्हाटी पेरतो." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पऱ्हाटी म्हणजे कपाशी. पाटलांनी ते थट्टेत म्हटलं होतं, पण चार माणसांदेखत म्हटलं होतं. आणि चाचांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पडितात खुंट्या ठोकल्या.

आता आमच्या काळ्या मातीचं सांगतो. तीत कापूस होतो, फुटबॉल होत नाही. उन्हाळ्यात तिला गुडघ्याएवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच पाय चपलेसकट धरून ठेवते. तिथं मैदान करायचं तर वरची हातभर माती उपसून खाली मुरूम भरावा लागतो, आणि मुरुमाची टेकडी दोन कोसांवर. गाड्या कोणाच्या, बैल कोणाचे, खणायचं कोणी? मी गावातल्या पाच प्रतिष्ठितांकडे वर्गणीसाठी हिंडलो. पाचांनीही पाठ थोपटली आणि मला फाटकापर्यंत पोचवायला आले.

चाचांनी वर्गणी मागितलीच नाही. त्यांनी मजुरी घ्यायचं बंद केलं. "पैसे नको. मुरूम आन." नवी मोट शिवली की दोन गाड्या मुरूम. ठिगळ लावलं की एक गाडी. चप्पल सांधली तरी दोन टोपली, आणि तीही पडितात नेऊन ओतायची. शेतकऱ्याला हे परवडलं. घरचे बैल, घरची गाडी, आणि रोकड जात नाही. दिवाळीपर्यंत पडितात मुरुमाचा ढीग चाचांच्या घरापेक्षा उंच झाला. घरात मात्र चूल एक वेळ पेटू लागली. एकदा मी गेलो तर पडद्यामागून आवाज आला, "मास्तरसाब, याइले इचारा, मुरुमाची भाकर कशी थापतात." चाचा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. खाली मान घालून शिवत राहिले. मी त्या दिवशी चहा न पिता उठलो.

माझं त्यांच्याशी बिनसलं ते संक्रांतीनंतर. पोरांनी माती उपसून टाकली होती, आता मुरूम पसरणार म्हणून मी हौसेनं बघायला गेलो. पाहतो तर मुरुमाबरोबर आलेले सगळे दगड आणि निम्मा मुरूम पश्चिमेच्या अंगाला, लिंबाच्या झाडाखाली. चाचा गुडघ्यांवर बसून पायरीचा पहिला दगड बसवत होते.

"चाचा, हे काय? आधी मैदान, मग पायऱ्या. खेळायलाच जागा नाही तर लोक बसून बघणार काय?"

"बसाले जागा नाही तं मॅच नाही."

"अहो, एक दिवस उभं राहून बघतील लोक. मरत नाही कोणी."

त्यांनी हातातला दगड खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा उचलला आणि म्हणाले, "कोनालेच उभं नाही ठेवायचं, मास्तर."

मी फार बोललो. तुमच्या हट्टापायी जमीन जाईल, पोरं तुम्हाला शिव्या देतील, गाव म्हणतं ते काही खोटं नाही, असं सगळं बोललो. चाचा दगड बसवत होते. तीन पायऱ्या झाल्या, साठ हात लांब, ऊन पाठीवर येईल अशा. खालच्या पायरीवर, बरोबर लिंबाच्या सावलीत, त्यांनी एक रुंद गुळगुळीत दगड बसवला आणि त्याला टेकायला मागं दुसरा उभा केला. असा एकच. "हा कोणासाठी?" मी विचारलं. "हाय एकासाठी," म्हणाले. मी समजलो, कोण्या साहेबासाठी असेल. मला त्याचाही राग आला. पंधरा दिवस मी त्यांच्या दुकानावरून गेलो नाही.

होळी झाली, आखाजीला जेमतेम दीड महिना उरला, तेव्हा मीच गेलो. गेलो आणि न सांगता चाकावर बसलो. चाचांनी पाणी दिलं. तेवढ्यावर मिटलं. राहिलेला मुरूम पसरून झाला होता, पण भुसभुशीत. दाबायला रूळ कुठला? तेव्हा कोंडबा पुढे झाला. कोंडबा म्हातारा शेतकरी, सात बैलांचा धनी. म्हणाला, "चिंता नोका करू. खयं कराचंच काम हाय ना? थे आमच्या हातचं हाय." पाणी शिंपडायचं, बैल फिरवायचे, शेणानं सारवायचं, खळ्यासारखी जमीन टणक. आम्हाला पटलं. त्याच्यावर काम सोपवून मी आणि चाचा वाशीमला गेलो, तिथल्या संघाला मॅचचं आवतण द्यायला. कचेरीतले कारकून आणि स्टेशनातली दोन माणसं असा तो संघ. ते आखाजीच्या आदल्या दिवशी यायला कबूल झाले.

तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो. कोंडबा कमरेवर हात ठेवून उभा होता. मैदान खरोखर दगडासारखं झालं होतं. सारवलेलं, गुळगुळीत, सुंदर. आणि गोलाकार. मधोमध कमरेएवढा खुंटा रोवलेला, त्याला हळदकुंकू लावलेलं. खळ्यावर असतो तो तिवडा. त्याला बैल बांधायचे आणि भोवती फिरवायचे, हीच तर खळं करायची रीत.

मी म्हटलं, "कोंडबाजी, फुटबॉलचं मैदान चौकोनी असतं."

"असंन," कोंडबा म्हणाला. "पन बैल चौकोनी फिरत नाही."

मी तिथंच मटकन खाली बसलो. त्या वेळी 'पयले बसा' म्हणून कोणाला सांगावं लागलं नाही. कडेची जमीन अजून मऊच होती आणि कोपरे भरायला ओंजळभर मुरूम उरला नव्हता. चाचांनी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकली. शंभर भरली. "मास्तर, याच्यात चौकोन किती मोठा बसते?" मी काडीनं सारवणावर आकडे मांडले. ऐंशी पावलं लांब, साठ पावलं रुंद, चारी कोपरे नेमके कडेला टेकतात. भूमिती शिकवायला लागून मला दोन वर्षं झाली होती, पण ती कोणाच्या उपयोगी पडलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मैदान जरा लहान, पण मैदान.

राहिला तिवडा. तो उपटायला कोंडबा तयार होईना. "तिवड्याले नारळ फोडला. आता रास झाल्याबिगर कसा उपटू? दाना नाही पडला खयात. वरीस वाईट जाईन." मी समजावलं, इथं रास व्हायचीच नाही, इथं पोरं खेळणार. कोंडबानं विचार केला. "मंग थे मॅच हेच तुमची रास. मॅच पुरी होऊ द्या, लगेच उपटतो." पाटलांनाही पुरी मॅच पाहिजे आणि कोंडबालाही. शेवटी तिवड्याला गोणपाट गुंडाळलं आणि मैदानाच्या मधोमध तो तसाच राहिला.

मॅचच्या दिवशी ऊन उतरता उतरता वाशीमकर मोटारीनं आले. मोटारीचे दिवे बिघडलेले, म्हणून अंधाराच्या आत परत पोचायचं असं त्यांनी आल्या आल्याच बजावलं. त्यांचा कप्तान तिवड्याभोवती दोनदा फिरला. पायऱ्यांवर गाव दाटीवाटीनं बसलं होतं. चाचा एकेकाला हाताला धरून बसवत होते. गणपतराव पाटील आले ते सरळ लिंबाखालच्या रुंद दगडाकडे गेले. चाचा आडवे आले. "इथं नाही, पाटील. तिकडे बसा." ज्याची जमीन त्यालाच. पाटलांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून बसले.

चाचांनी मोटेच्या कातड्याचा नवा चेंडू शिवला होता, आत अकोल्याहून मागवलेला रबरी फुगा. चेंडू चांगला पण कोहळ्यासारखा जड. वाशीमनं पहिला गोल केला. दुसरा त्यांनी केला नाही, तिवड्यानं केला. आमच्याच पोराचा फटका तिवड्याला लागून उलटा आमच्या गोलात गेला. मग आमच्या तुळशीरामनं एक परत केला आणि पायऱ्या दणाणल्या. आणि पाव तास उरला असताना चेंडू उसवला. शिवणीतून रबर बाहेर आलं.

दुसरा चेंडू नव्हता. मोटारवाल्यानं भोंगा वाजवला. पाटील सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅच पुरी झाली नाही तं बोली संपली." सगळे चाचांच्या नावानं ओरडू लागले. चाचा गोलखांबांच्या मागं उभे होते, हातात आरी, छावणीत उभे राहात असतील तसेच. त्यांनी चेंडू घेतला. पण शिवायला बसले नाहीत. चेंडू काखेत धरून पायऱ्यांच्या टोकाकडे चालू लागले.

तिथं गर्दीच्या पलीकडे एक बाई उभी होती. काळा बुरखा, हातात फडक्यात बांधलेली भाकर. कधीची उभी होती कोण जाणे.

"काहून उभी हायेस?" चाचा म्हणाले.

"तुमी सकाऊनपासून जेवले नाही."

"जेवतो. चाल. तुह्यी जागा ठेवली हाय."

"इतक्या लोकाइत?"

"इतक्या लोकाइतच."

त्यांनी चाचींचा हात धरला. त्या काळी चारचौघांत बायकोचा हात धरणारा माणूस आमच्या गावानं पाहिला नव्हता. दोघं सबंध पायऱ्यांसमोरून चालत आले, लोकांनी पाय आवरून घेतले. लिंबाखालच्या दगडावर चाची कडेला टेकल्या. चाचा त्यांच्या शेजारी खालच्या पायरीवर बसले आणि मग दोरा काढला.

मी धावत गेलो. भोंगा वाजतच होता. "चाचा, अहो मोटार निघाली, पाटील काय म्हणाले ऐकलं ना, जमीन जाईल..."

"पयले बसा, मास्तर."

मला त्यांना हलवावंसं वाटलं. पण बसलो. त्यांनी आरी घातली, दोरा ओढला आणि मोटेचा भाव सांगावा तशा आवाजात बोलू लागले.

"छावनीत हे हमीदा रोज दुपारी भाकर घेऊन ये. आपल्या लोकाइले तिथं बसाले मनाई. दोरीच्या भाईर उभं राहा, नाही तं जा. मॅच संपल्याबिगर मले हालता येत नव्हतं. हे उभी राहे." एक टाका. "एका उनाळ्यात हिले सातवा महिना होता. मॅच लांबली. हे तीन घंटे उभी. मी गोलखांबाच्या मांगं. मांगून लोकाइचा गलका आला, मले वाटलं गोल झाला. मी टाळ्या वाजोल्या." आणखी एक टाका. "हे पडली होती. लेकरू गेलं. मंग पुन्हा झालं नाही."

त्यांनी दोरा दातानं तोडला. "घ्या. झाला चेंडू."

मी चेंडू घेतला, पण मला उठता येईना. उभं राहून बघतील लोक, मरत नाही कोणी, असं मी या माणसाला, याच जागेवर म्हटलं होतं. शेजारी पाटील बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण ते उठले, मोटारीकडे गेले आणि मोटारवाल्याला काहीतरी म्हणाले. भोंगा थांबला. मी चेंडू मैदानात फेकला.

मॅच पुरी झाली. आम्ही एका गोलनं हरलो. "झाली मॅच. जमीन पोराइची," पाटील एवढंच म्हणाले आणि घरी गेले. बाकीच्या तीन बाजूंना पायऱ्या कधी झाल्या नाहीत. तेवढा मुरूम चाचांकडून पुन्हा जमला नाही, आणि मी आता त्यांना आणायलाही सांगितलं नसतं. पोरं मात्र त्या गोलाकार मैदानावर वर्षानुवर्षं खेळली, आणि दर उन्हाळ्यात कोंडबाचे बैल ते नव्यानं टणक करून देत.

त्या संध्याकाळी वाशीमकरांची मोटार गेली, लोक उठले, धूळ झाडत घरोघर गेले. मैदानात कोंडबा दोन गड्यांना घेऊन तिवडा हलवून हलवून उपटत होता. चाचांची भाकर खाऊन झाली होती. त्यांनी फडकं झटकलं, घडी केली आणि म्हणाले, "चाल, हमीदा. संपलं."

बुरख्याआडून आवाज आला, "बसू द्या जराकसं."

चाचा अर्धवट उठले होते, ते परत बसले. समोर रिकामं मैदान होतं. मी मागं उभा होतो. चाचांनी मागं न वळता म्हटलं, "मास्तर..."

पुढचं ते म्हणायच्या आत मी बसलो.